आधी खोदा, मग ओता

पर्वत वर येतात, समुद्राचा तळ वर येतो, हे मी हायस्कुलात जन्मभर पोरांना शिकवलं. पण रस्ताही वर येतो, हे मला भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. ते शिकायला स्वतःच्या दारात उभं राहावं लागलं. आम्ही घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. पहिली पायरी डांबराने गिळली, दुसरी खडीने आणि तिसरी मागच्या सिमेंटने. दर वेळी नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर ओतायचा, ही आमच्या नगरपरिषदेची रीत. शेवटी रस्ता आणि आमची फरशी एका पातळीत आली आणि गेल्या पावसाळ्यात गटारीचं पाणी पायपुसण्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेलं.

गावाचं नाव सांगत नाही. जळगावहून धुळ्याला जाताना लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नगरपरिषद ओळखू येईल, आणि तिने यंदा पर्यावरणाचं बक्षीस मिळवायचं मनावर घेतलेलं आहे. त्यासाठी 'हरित गल्ली' नावाची योजना निघाली. हरित गल्ली म्हणजे काय, तर गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नवं काँक्रीट आणि भिंतीवर झाडाचं चित्र. आमच्या भिंतीवर वड आला. समोरच्या असलमभाईंच्या भिंतीवर मोर आला. खरा कडुनिंब होता तो गेल्या रस्त्यात गेला.

चित्राबद्दल माझी तक्रार नव्हती. माझा प्रश्न साधा होता. आता गिळायला पायरीच उरलेली नाही, तेव्हा नवा रस्ता जुन्यावर ओतलात तर माझं घर खड्ड्यात जाईल. म्हणून आधी जुना रस्ता खोदा, मग नवा ओता. हे मी अर्जात लिहिलं, तोंडीही सांगितलं. बांधकामाचे साहेब तरुण होते, आदबीने बोलले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एस्टिमेटमध्ये खोदकामाचं आयटमच नाही असं सांगितलं. मग घाला, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की खोदलं की धूळ उडते, आणि धूळ हा विषय पर्यावरण विभागाचा. मी जिना चढून पर्यावरण विभागात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की स्पर्धेत धुळीचे गुण कापतात, तेव्हा खोदकामाला त्यांचा सक्त विरोध आहे. पण बांधकामाने खोदायचं ठरवलं तर त्या काही बोलणार नाहीत. मी परत खाली आलो तेव्हा साहेब साइटवर गेले होते. ती साइट कुठली, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी हात हलवत परत आल्याची बातमी माझ्याआधी गल्लीत पोचली होती आणि सल्लागार मंडळ जमलं होतं. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही, नळाला पाणी आठवड्याने येतं पण सल्ला चोवीस तास चालू असतो. असलमभाई कूलर बनवतात, त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच इलाज, लोखंडी स्टँड. फ्रीजला स्टँड, कपाटाला स्टँड, पलंगाला स्टँड, मग पाणी येऊ द्या नाहीतर जाऊ द्या. त्यांनी टेप आणून माझ्या पलंगाचं मापही घेतलं. उखर्डूनाना भुसावळला रेल्वेत होते. त्यांचं म्हणणं, अख्खं घरच जॅकवर उचलावं. त्यांच्या देखत म्हणे भुसावळला अख्खा प्लॅटफॉर्म उचलला होता. जॅकचा खर्च ऐकून मी हात जोडले तेव्हा नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, नुसता उंबरा तरी वाढाई ल्या. बठ्ठा झगडाच मिटी जाई."

मी उंबरा वाढवून घेतला. माझ्या पुढच्या सगळ्या भोगांचा उगम या एका वाक्यात आहे.

पुना मिस्तरी आला, त्याने उंबरा गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच केला आणि हात झटकून म्हणाला की आता तापी आली तरी आत येत नाही. तापी आली नाही. पण गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला तो सिलिंडरच्या आधी पोचला. धुळ्याहून माझे मेहुणे आले, त्यांचा अंगठा सुजला आणि ते अजूनही त्याला आमच्या घरचा आहेर म्हणतात. दार उंबऱ्याला अडकायला लागलं म्हणून खालून कापलं. आणि मग कळलं की उंबरा पाण्याला दोन्हीकडून अडवतो. सुलक्षणा, म्हणजे आमची सौभाग्यवती, फरशी धुवायला बसली आणि धुतलेलं पाणी बाहेर जाईना. ते घरभर फिरलं, सगळ्या खोल्या पाहून झाल्या आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली मुक्कामाला थांबलं.

पुना मिस्तरीने विचार करून सांगितलं की उंबरा वर गेला, आता फरशी वर घ्यावी लागेल. फरशी वर गेली. फरशी वर गेली तशी आमच्या घरातली बाकीची प्रत्येक वस्तू खाली आली. स्वयंपाकाचा ओटा मांडीशी आला, त्यामुळे सुलक्षणा पोळ्या लाटताना नमस्कार केल्यासारखी दिसायची. खिडकी घोट्याशी आली. पंखा माझ्या कानाशी आला. आमच्या घराण्यात मोठं म्हणावं असं काही नाही, उंची तेवढी आहे, आणि तीच नडली. पुनाने पंख्याची दांडी काढून तो छताला चिकटवला, तरी माझा हात वर गेला की पातं लागे. शेवटी पंखाच उतरवला. दाराची चौकट पहिल्याच दिवशी माझ्या कपाळावर बसली. त्यानंतर मी स्वतःच्या घरात मान खाली घालून वावरायला लागलो, आणि शेजारीपाजारी समजायचे की नवराबायकोचं काही बिनसलं आहे.

एवढं सोसलं, कारण घर रस्त्याच्या वर आलं होतं. फरशीचं सिमेंट पुरतं वाळलंही नसेल, तोच कंत्राटदार नवीनभाऊंचा माणूस आला आणि भिंतीवरच्या वडाच्या बुंध्यावर लाल रेघ मारून गेला. नव्या काँक्रीटची पातळी. ती रेघ माझ्या नव्या उंबऱ्याच्या वर होती.

मी त्या रेघेकडे किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. राग तर आलाच, पण त्याहून लाज वाटली. मी पायरी दिली, उंबरा दिला, ओटा दिला, पंखा दिला, मान खाली घातली, आणि रस्ता तरीही वर येतच होता. मी आणखी वर गेलो असतो तर तोही आला असता. तिथेच मी सुलक्षणाला मोठ्याने सांगितलं की आता मी इंचभरही वर जाणार नाही, आता खाली यायचं ते रस्त्याने. ती म्हणाली की हे तिने उंबऱ्याच्या वेळीच सांगितलं होतं. सांगितलं होतं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची टाकून गल्लीच्या मधोमध बसलो. गळ्यात पाटी: आधी खोदा, मग ओता. एप्रिलचं ऊन, आमच्याकडचं. नानांनी छत्री आणून दिली आणि बाजूला बसून भुसावळच्या संपाच्या गोष्टी सांगितल्या, त्यामुळे आंदोलन अधिकच कठीण झालं. दुपारी नवीनभाऊ स्वतः आले. गोड माणूस. माझ्या पाया पडले, उसाचा रस पाजला, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि गेले. संध्याकाळी तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला, पाटी छत्रीच्या सावलीत झाकलेली आणि खाली मजकूर, 'हरित गल्लीच्या कामास ज्येष्ठ शिक्षकांचा पाठिंबा'. शाळेतले जुने सहकारी अभिनंदनाचे फोन करू लागले. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

मग नगरपरिषदेची गाडी भोंगा लावून फिरली. सोमवारी काँक्रीट ओतणार, तरी नागरिकांनी आपापली वाहनं गल्लीतून काढून सहकार्य करावं. पाऊस महिन्यावर आला होता. रस्ता एकदा पडला की पुढची निवडणूक येईपर्यंत तो हलत नाही, आणि तोवर आमचं घर म्हणजे गल्लीची विहीर.

त्या संध्याकाळी हमीदाभाभी, असलमभाईंच्या घरच्या, आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. उंबऱ्याचा तेवढा एक उपयोग झाला होता, बसायला बरा होता. त्यांचं घरही आमच्याइतकंच खाली, त्यांच्याही खोलीत गेल्या वर्षी पाणी शिरलं होतं. त्या आणि सुलक्षणा उन्हाळाभर बिबडे करतात. बिबडे म्हणजे ज्वारी भिजवून, कांडून, तिखट-लसूण-तीळ घालून शिजवायची आणि तो गरम घाटा ओल्या हाताने ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवायचा. एकीला जमत नाही, गल्ली लागते. आज एकीचे, उद्या दुसरीचे, अशा सगळ्या बायका एकमेकींच्या दारी राबतात, आणि बाहेरच्या लोकांचीही ज्वारी येते. कॉलनीतल्या कामिनीताई तर दरवर्षी पाठवतात, त्यांना आमच्या गल्लीचेच बिबडे लागतात. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. मी जवळ गेलो तर गप्प झाल्या. मग सुलक्षणा एवढंच म्हणाली, "अहो, अर्ज बस झाले. सोमवारी तुम्ही फक्त कावळे हाकला."

सोमवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्या मोटारसायकली नागरिकांनी सहकार्य करून काढल्या. रस्ता मोकळा झाला. आणि त्या मोकळ्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या साड्या अंथरल्या गेल्या. चुलींवर पातेली चढली. बायका ओळीने बसल्या आणि सपासप बिबडे थापत सुटल्या. भोंग्यावर वाहनं काढा म्हणून सांगितलं होतं. बिबड्यांचा उल्लेख नव्हता.

ज्याला आमचा खानदेश माहीत नाही त्याला यातली मेख कळायची नाही. आमच्याकडे भररस्त्यात गाय बसली तर हाकलतात, पुढारी बसला तर वळसा घालतात, पण बिबडे वाळत असले तर लोक चपला हातात घेऊन कडेकडेने जातात. आणि ओले बिबडे उचलताही येत नाहीत. साडी हलली की ते ओघळतात, फाटतात, एकमेकांना चिकटतात. ते वाळेपर्यंत तिथेच राहणार. मला काठी देऊन खुर्चीवर बसवलं होतं. माझ्या आंदोलनाकडे एक कुत्रं फिरकलं नव्हतं, आणि आता गल्ली पेटली तर माझ्याकडे कावळ्यांचं खातं. पण हाकलले मी मन लावून.

काँक्रीटचा तो गरगर फिरणारा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. माल धुळ्याकडून हायवेने आलेला, निम्मा दम वाटेतच गेलेला. ड्रायव्हर खाली उतरला, साड्या बघितल्या आणि नवीनभाऊंना म्हणाला की माल थांबत नाही, ड्रममध्येच बसला तर ड्रम गेला. इकडे बिबडे ओले, तिकडे काँक्रीट ओलं, आणि आकाशात सूर्य एकच. दोघांतलं आधी कोण वाळतं, हे बघायला शेजारच्या गल्ल्यांतले लोक गच्च्यांवर चढले.

नवीनभाऊंनी आधी हात जोडले. बायका थापत राहिल्या. मग त्यांनी मजुरांना साड्या उचलायला सांगितलं. मजूर पुढे आले, कडेला थांबले, एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातला एक वयस्क माणूस मान हलवत मागे सरला.

"भाऊ, अन्न शे हाई. अन्नवर पाय कसा ठेवाना?"

बांधकामाचे साहेबही आले होते. त्यांच्या हातात सुलक्षणाने वाटीभर गरम घाटा दिला, वर कच्चं तेल. घाट्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. वाटी हातात असताना माणसाला हुकूम सोडता येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. साहेब खात राहिले.

शेवटी नवीनभाऊ चिडले. एवढा गोड माणूस, पण ड्रमचं भाडं त्यांच्या बोडक्यावर होतं. त्यांनी बूट काढले, बाह्या सारल्या आणि पहिल्या साडीचा पदर धरायला स्वतः वाकले. मी खुर्चीवरून उठलो. काय करणार होतो मला माहीत नाही, काठी तर कावळ्यांची होती. पण मला काही करावंच लागलं नाही. हमीदाभाभींनी हात पुसले आणि शांतपणे त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"नवीनभाऊ, हाई पहिली साडी तुमनाच घरनी शे. कामिनीताईनी ज्वारी शे. खुशाल उचला."

नवीनभाऊ वाकलेल्या स्थितीतच राहिले. कामिनीताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, हे गल्लीत फक्त मला आठवत नव्हतं. मी घरी बिबड्यांचे डबे नुसते रिकामे करतो, ते कोणाकोणाचे असतात ते विचारत नाही. बायकोच्या वर्षभराच्या बिबड्यांना हात लावून संध्याकाळी घरी जाणारा नवरा कंत्राटदार असला तरी नवराच असतो. नवीनभाऊंनी पदर अलगद खाली ठेवला, वरची सुरकुतीही सारखी केली आणि बूट घालायला लागले.

आता ट्रकमधला माल कुठेतरी टाकणं भाग होतं. ड्रायव्हर बोंबलत होता. नवीनभाऊंनी फोन केले, साहेबांनी वाटी खाली ठेवून फोन केले, आणि मग कोणाला तरी आठवलं की नगरपरिषदेच्या आवारात घंटागाड्या उभ्या करायला काँक्रीटचा तळ मंजूर आहे. ट्रक तिकडे धावला. तिथे जुनी फरसबंदी होती. ती खोदायला वेळ नव्हता, आणि खोदकामाचं आयटम तिथेही नव्हतंच. ओतलं वरून. ट्रक आला तसा दुसरा आला, दुसऱ्यामागे तिसरा, सगळा माल आमच्या गल्लीचा. नगरपरिषदेचं आवार संध्याकाळपर्यंत नगरपरिषदेच्या कचेरीच्या फरशीपेक्षा उंच झालं.

पुढे आम्ही बिबडे थांबवले नाहीत. एका घरचे वाळले की दुसऱ्या घरचे. आमची गल्ली राखणीची म्हणून शेजारच्या गल्लीच्या बायकाही साड्या घेऊन आल्या. मी कावळ्यांमध्ये चांगला ओळखीचा झालो.

आणि मे संपता संपता अवकाळी पाऊस झाला. वादळ, गारा, पत्रे उडाले. आमच्या गल्लीत पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि ओसरलं. नगरपरिषदेत मात्र आवारातलं सगळं पाणी उतारावरून थेट कचेरीत शिरलं. मी मुद्दाम बघायला गेलो. बांधकामाचे साहेब खुर्चीवर मांडी घालून बसले होते, खाली त्यांच्या चपला फिरत होत्या. पर्यावरणाच्या बाई जिन्यात उभ्या राहून धुळीबद्दल काही बोलत नव्हत्या. मला आनंद झाला. उगाच खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

साहेबांनी मला बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तुमचं ते काय होतं... आधी?"

"खोदा," मी म्हणालो. "मग ओता."

त्यानंतर एस्टिमेटमध्ये खोदकाम कुठून आलं, मी विचारलं नाही. खोदायचं यंत्र आधी आवारात गेलं आणि तिथून सरळ आमच्या गल्लीत आलं. धुळीवर टँकरने पाणी मारलं, एवढाच तो धुळीचा प्रश्न होता. यंत्राने आधी सिमेंट फोडलं, मग खडी, मग डांबर. मी गल्लीतल्या लोकांना एकेक थर समजावून सांगत होतो आणि पहिल्यांदाच सगळे ऐकत होते. मग फावड्याला काहीतरी लागलं आणि आमची तिसरी पायरी उजेडात आली. तिच्याखाली दुसरी, मग पहिली. सुलक्षणा बादली घेऊन बाहेर आली आणि तिने त्या पायऱ्या खसाखसा घासून धुतल्या. समोर हमीदाभाभी आपल्या पायऱ्या धूत होत्या. दोघी वर बघत नव्हत्या. मीही तिकडे फार बघितलं नाही.

नवा रस्ता त्या पायऱ्यांच्या खाली पडला. नवीनभाऊंनी काम चोख केलं, त्यांना दरवर्षी बिबडे लागतात.

आता आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत, त्यावर तो उंबरा, आणि आत उंच केलेली फरशी. गल्लीत आमचं घर सगळ्यात वर आणि घरात छत सगळ्यात खाली. परवा बक्षिसाच्या फोटोसाठी साहेब आले. वडाच्या चित्रापुढे फोटो झाला, मग मी त्यांना आत बोलावलं. ते पायऱ्या चढले, उंबरा ओलांडला आणि चौकटीशी थबकले. मी म्हणालो, साहेब, डोकं सांभाळा. साहेब कमरेतून वाकले आणि तसेच वाकून आत आले. बसेपर्यंत त्यांना मान वर करता आली नाही.

उखर्डूनाना रोज सांगतात की आता फरशी फोडून खाली घ्या. पुना मिस्तरी माप घेऊन गेला. सुलक्षणाही म्हणते, अहो, निदान पंखा तरी लावता येईल. पण मी नाही म्हणून सांगितलं आहे. ज्या घरात नगरपरिषद वाकून येते, त्या घरात मला उकडलं तरी चालेल.